दोन गदा आणि न लागलेली कुस्ती

२०२५ साली महाराष्ट्राला दोन महिन्यांच्या आत दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. २ फेब्रुवारीला अहिल्यानगर शहरात पृथ्वीराज मोहोळनं गदा खांद्यावर घेतली आणि ३० मार्चला त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळकेनं. दोन्हीकडे किताबाचं नाव एकच होतं. गदा देणाऱ्या संघटना मात्र वेगळ्या होत्या आणि आपणच अधिकृत असं दोघींचंही म्हणणं होतं. तेव्हापासून कुस्तीचा शौक असलेली चार माणसं जमली की विषय फिरून तिथेच येतो. या दोघांची जोड लावली तर कोण कोणाला पाडेल?

हा आढावा नंदुरबारहून लिहितो आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. मोहोळ पुणे जिल्ह्यातला, शेळके सोलापूरचा. दोघांपैकी एकही आमच्या तापीकाठचा नाही. कोल्हापूर-पुण्याकडे हा वाद निघाला की बोलणाऱ्याची तालीम कोणती, हे दोन वाक्यांत कळतं. इथे ती अडचण कमी आहे. शहादा-तळोद्याकडच्या यात्रांतल्या दंगलीत आखाड्याच्या कडेला बसलेला माणूस दोन्ही नावं सारख्याच अंतरावरून घेतो. शिवाय फळीवर शेवटच्या कुस्तीच्या दोन नावांकडे बघत, पैलवान यायच्या आधीच तासभर ती कुस्ती तोंडानं खेळून घेण्याची सवय या भागाला जुनीच आहे.

एकाच्या दोन कशा झाल्या

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली स्थापन केली. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून सुरू झाली. ती पहिल्यांदा औरंगाबादेत दिनकर दह्यारींनी जिंकली. पुढची साठ वर्षं संघटना एक, स्पर्धा एक आणि गदा एक असंच चाललं. रुसवेफुगवे होते, पंचांवरचा राग होता, पण त्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी कोण, याला एकच उत्तर असायचं. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झालेली ६४वी स्पर्धा त्या काळातली शेवटची. तिथे कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील विजयी झाला.

२०२२ च्या मध्यात भारतीय कुस्ती महासंघानं परिषद बरखास्त केली. परिषदेच्या अध्यक्षपदी तेव्हा शरद पवार होते आणि सरचिटणीस बाळासाहेब लांडगे होते. त्यानंतरच्या निवडणुकीतून रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ उभा राहिला. परिषदेनं बरखास्ती मानली नाही आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. कोणाची बाजू कायद्यानं बळकट, हा या लेखाचा विषय नाही. आखाड्यात त्याचा परिणाम काय झाला, तो स्पर्धांच्या क्रमांकांवरून दिसतो. ६५वी महाराष्ट्र केसरी जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झाली. ६५वी महाराष्ट्र केसरी नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवलाही झाली. ६६वी त्याच नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला झाली, आणि ६६वी मार्च २०२५ मध्ये कर्जतला पुन्हा झाली. मधे अहिल्यानगरला ६७वी होऊन गेली. कोथरूड, फुलगाव, अहिल्यानगर ही संघाची मोजणी आणि धाराशिव, कर्जत ही परिषदेची. पुढे कधी कोणी महाराष्ट्र केसरीची यादी छापायला बसला तर त्याला आधी कोणत्या मोजणीनं जायचं ते ठरवावं लागेल.

वरचा आधारही त्या काळात डळमळीत होता. निवडणुका वेळेवर न घेतल्याबद्दल ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेनं भारतीय महासंघाला निलंबित केलं. डिसेंबरात निवडणूक झाली, आणि तीनच दिवसांत केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं नव्या कार्यकारिणीला निलंबित केलं. ते निलंबन मार्च २०२५ मध्ये उठलं. म्हणजे राज्यातल्या भांडणाचा निवाडा ज्यानं करायचा, त्याच्याच अधिकाराचा प्रश्न दीड वर्ष लोंबकळत होता.

हिशेब मांडणारे

न लागलेल्या कुस्तीचा निकाल काढण्याची सगळ्यात जुनी रीत त्रैराशिकाची आहे. अमक्यानं तमक्याला पाडलं, तमक्यानं फलाण्याला, म्हणून अमका फलाण्याला भारी. २०२५ च्या दोघांबद्दल हा हिशेब साधारण असा मांडला जातो. मोहोळनं अहिल्यानगरला गादी विभागात शिवराज राक्षेला आणि अंतिम फेरीत महेंद्र गायकवाडला हरवलं. शेळकेनं कर्जतला माजी महाराष्ट्र केसरी पृथ्वीराज पाटीलला हरवलं. मोहोळच्या बाजूचे म्हणतात, त्याच्या वाटेत दोन मोठे पैलवान होते. शेळकेच्या बाजूचे म्हणतात, आमच्या विजयावर कोणाची तक्रार नाही.

या दुसऱ्या म्हणण्याला आधार आहे. अहिल्यानगरला राक्षेविरुद्धचा निकाल चितपटीचा दिला गेला. आपले खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं होतं. त्यानं रागाच्या भरात पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीत गायकवाडनंही गुणांवरून हरकत घेतली आणि वेळ संपायला काही सेकंद उरले असताना तो आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. या सगळ्यात मोहोळचा दोष काय, हा प्रश्न त्याच्या बाजूचे विचारतात आणि तो रास्त आहे. पैलवान कुस्ती करतो, शिट्टी पंचाच्या तोंडात असते.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०२३ साल, कारण त्या वर्षी हाच हिशेब लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. जानेवारीत कोथरूडला माती विभागात महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला हरवलं. त्याच संध्याकाळी अंतिम फेरीत शिवराज राक्षेनं गायकवाडला मिनिटभरात चितपट केलं. त्रैराशिक सांगत होतं की राक्षे सिकंदरला सहज भारी. नोव्हेंबरात फुलगावला तेच दोघे समोरासमोर आले आणि सिकंदरनं झोळी डावावर राक्षेला काही सेकंदांत आकाश दाखवलं. गायकवाड सिकंदरला भारी, सिकंदर राक्षेला भारी, राक्षे गायकवाडला भारी. एका वर्षात, एकाच संघटनेच्या आखाड्यांत, तिघांचं वर्तुळ पुरं झालं.

जुन्या वस्तादांना यात नवल वाटत नाही. उंच पैलवानाला पटात घुसणारा नडतो, पटात घुसणाऱ्याला वरून दाबून बसणारा नडतो आणि त्या दाबणाऱ्याला लांब हातापायांचा उंच पैलवान झुलवतो. जोड पाहून कुस्ती ठरते, नुसत्या ताकदीवर ठरत नाही, असं ते म्हणतात. हिशेब मांडणाऱ्यांची अडचण इथेच होते. त्यांची आकडेमोड चुकलेली नसते, पण ज्या गोष्टीची बेरीज होत नाही तिची ते बेरीज करतात. याला एक उत्तरही दिलं जातं, आणि ते सोडून देण्यासारखं नाही. एका कुस्तीवरून काही कळत नसेल, पण पन्नास कुस्त्यांवरून कळतं. म्हणून फक्त गदेच्या नव्हे, सगळ्या मोठ्या मैदानांतल्या कुस्त्या मोजाव्यात. मोजणी करायची तर गावोगावच्या मैदानांतल्या कुस्त्यांची नोंद हवी. ती तुकड्यातुकड्यांत, वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर आणि हौशी माणसांच्या मोबाइलमधल्या चित्रफितींत विखुरलेली आहे.

कोणत्या आखाड्यात

दुसरा पक्ष म्हणतो, कोण जिंकेल हे विचारण्याआधी कुस्ती कशावर आहे ते सांगा.

महाराष्ट्र केसरीच्या रचनेत या प्रश्नाला एक जुनं उत्तर दडलेलं आहे. खुला गट ८६ ते १२५ किलोंचा. त्यात माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी गदेसाठी भिडतात. म्हणजे दरवर्षी ही स्पर्धा मुळात दोन वेगळ्या विजेत्यांचा तंटा सोडवण्याचीच सोय होती. संघटना दुभंगल्यावर चार विभागांचे चार विजेते आणि दोन गदा झाल्या. एक पायरी अजून चढायची राहिली, एवढंच.

पण ही सोय सगळ्यांना समान नाही. अंतिम कुस्ती गादीवर होते. मातीत वाढलेल्या पैलवानाला तिथे आपला आखाडा सोडून दुसऱ्याच्या अंगणात जावं लागतं. मातीत पाय रुततो, पकड सुटत नाही, दम लागतो तो वेगळा. गादीवर वेग लागतो आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत सगळं आटोपतं. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबते. यात्रेतल्या दंगलीत यातलं काहीच नसतं. तिथे पाठ टेकली की निकाल, नाही टेकली तर कुस्ती चालू, आणि फारच लांबली तर पंच बरोबरीत सोडवतात. गुणांवर जिंकलेली कुस्ती हा प्रकार आमच्याकडचे म्हातारे प्रेक्षक अजूनही अर्धाच मानतात. त्यांना निकाली कुस्ती हवी.

म्हणून मोहोळ-शेळके प्रश्नाचे प्रत्यक्षात तीन-चार प्रश्न होतात. गादीवर सहा मिनिटांत कोण, मातीत सहा मिनिटांत कोण, आणि मातीत वेळेची मर्यादा नसताना कोण? एकाच माणसाचं नाव तिन्ही ठिकाणी यावं, असा काही नियम नाही.

गामा पैलवानाचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं आणि ते चपखल आहे. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला गामा आणि पोलंडचा झबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि अनिर्णित राहिली. झबिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून राहिला. आठवड्यानं पुन्हा जोड ठरली, तेव्हा तो आलाच नाही. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळ्याला, भारतीय रीतीनं, तेच दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामानं त्याला मिनिटभरही उभं राहू दिलं नाही. पन्नाशीला टेकलेले तेच दोन पैलवान, आखाडा मात्र दुसरा. जो म्हणतो की अठरा वर्षांत झबिस्को म्हातारा झाला होता, त्याला गामाही तितकाच म्हातारा झाला होता याची आठवण करून द्यावी लागते. आणि गामा विरुद्ध अमेरिकेचा फ्रँक गॉच ही कुस्ती तर कधी लागलीच नाही. जगातल्या पैलवानीच्या अड्ड्यांवर तिचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

शिट्टी कोणाची

तिसऱ्या पक्षाला पैलवानांत फारसा रसच नाही. त्यांचं सगळं लक्ष पंचांवर आहे. जानेवारी २०२३ च्या गायकवाड-सिकंदर कुस्तीत गायकवाडनं मारलेल्या बाहेरील टांगेला पंचांनी चार गुण दिले. सिकंदरच्या बाजूचं म्हणणं असं की एवढे गुण द्यावेत इतका तो पाठीवर गेलाच नव्हता. चित्रफीत राज्यभर फिरली. ज्यांनी आयुष्यात लंगोट लावला नाही त्यांनीही ती थांबवून थांबवून पाहिली, आणि तरीही दोन मतं कायम राहिली. दोन वर्षांनी अहिल्यानगरला राक्षेच्या खांद्यांबद्दल तेच झालं.

या मंडळींच्या मते दोन संघटनांच्या विजेत्यांची कुस्ती लावायची तर पहिलं भांडण पंचांच्या नेमणुकीवर होईल. संघाचा पंच परिषदेला चालणार नाही आणि परिषदेचा संघाला. बाहेरच्या राज्यातले पंच आणावेत, असा तोडगा सुचवला जातो. त्यावर आक्षेप असा की बाहेरचा पंच कोणाच्या पत्रानं यायचा? पत्र देणाऱ्याला मान्यता कोणाची? मी हा वाद अनेकदा ऐकला आहे आणि तो दर वेळी या टप्प्यावर येऊन थांबतो. नंतर चहा येतो.

गुणांवर हरकत घेतली तर चित्रफीत पाहून फेरतपासणी करण्याची सोय आता गादीवर आहे. पण फेरतपासणी पाहणारी माणसंही कोणीतरी नेमलेलीच असतात. यंत्रानं शंका कमी होतील, हे खरं. विश्वास नसला तर यंत्राचं चित्रही दोघांना दोन प्रकारे दिसतं, हेही आपण पाहिलं.

मुष्टियुद्धवाल्यांनी काय केलं

एका किताबाचे अनेक धनी, हा रोग कुस्तीपेक्षा मुष्टियुद्धात जुना आहे. तिथे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना आणि चार पट्टे आहेत. हेवीवेटचे दोन-तीन जगज्जेते एकाच वेळी असणं हे तिथे नित्याचं. लेनॉक्स लुईस आणि रिडिक बो यांचं प्रकरण आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत लुईसनं बोला हरवलं होतं. चार वर्षांनी बो जगज्जेता झाला आणि लुईसशी लढण्याऐवजी त्यानं लंडनमध्ये डब्ल्यूबीसीचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक मुष्टियुद्धात ते दोघे पुढे कधीच भिडले नाहीत. बोचे चाहते म्हणतात की तेव्हा तो पूर्ण भरात होता. लुईसचे चाहते सोलकडे बोट दाखवतात. दोघांच्या हातात अर्धाच पुरावा आहे.

कोणी यंत्रालाही विचारून पाहिलं. रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली वेगवेगळ्या काळातले, दोघेही तोवर न हरलेले जगज्जेते. १९६९ मध्ये दोघांना रिंगणात उतरवून लढतीचं चित्रीकरण केलं गेलं आणि निकाल संगणकाला काढायला लावला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपट दाखवला गेला तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तो पाहायला मार्सियानो हयात नव्हता, आधीच्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात तो गेला होता. युरोपात मात्र अली जिंकणारी दुसरी आवृत्ती दाखवली गेली. संगणकाचा निकालही गिऱ्हाईक पाहून बदलला, असं म्हणायला जागा आहे.

आणि प्रत्यक्ष एकीकरण? ते झालं. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकनं टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले. १९९९ मध्ये लुईसनं किताब एकत्र केल्यानंतर असा निर्विवाद हेवीवेट जगज्जेता झालाच नव्हता. पंचवीस वर्षं लागली, प्रचंड पैसा लागला, आणि जूनअखेरीस उसिकला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला. एकी सव्वा महिना टिकली. आपल्याकडे दोन गदांची एक कुस्ती लावा म्हणणाऱ्यांनी या सव्वा महिन्याचा विचार करावा असं मला वाटतं. पण त्यांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. निदान १८ मे रोजी तरी जगाला उत्तर मिळालं होतं.

कोर्टात गेलेली कुस्ती

न लागलेल्या कुस्तीचा सर्वांत गंभीर खटला मराठी मुलखाशी बांधलेला आहे. नरसिंग यादव मुंबईत वाढलेला, २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी, पुढे राज्याच्या पोलीस दलात अधिकारी. २०१५ च्या लास वेगास जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात त्यानं कांस्यपदक मिळवलं आणि रिओ ऑलिंपिकची जागा भारताच्या नावावर लागली. ऑलिंपिकमध्ये दोन पदकं घेतलेला सुशीलकुमारही तोवर ७४ किलो गटात आला होता. त्यानं निवड चाचणी मागितली. ती जागा देशाची असते, पैलवानाची नसते, तेव्हा दोघांची कुस्ती लावा, असं त्याचं म्हणणं. महासंघ म्हणाला, ज्यानं जागा मिळवली तोच जाईल.

तेव्हा देशभर जो वाद रंगला त्यात दोन्ही बाजूंना वजन होतं. सुशीलच्या बाजूनं अनुभव होता, नरसिंगच्या बाजूनं ताजी कामगिरी. सुशीलनं ७४ किलोत २०१४ चं राष्ट्रकुल सुवर्ण मिळवलं होतं, पण त्यानंतर तो फारसा खेळलाच नव्हता. एका चाचणीनं सगळं मिटलं असतं, असं एक मत. ऐन ऑलिंपिकच्या तोंडावर चाचणी म्हणजे तयारीला दुखापतीचा धोका आणि महिनोन्महिन्यांच्या मेहनतीचा अनादर, असं दुसरं. ६ जून २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सुशीलची याचिका फेटाळली. निवडीचा निर्णय महासंघाचा आणि अकराव्या तासाला चाचणीचा आग्रह योग्य नाही, असा त्याचा रोख होता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. नरसिंगच्या तपासणीत बंदी असलेलं उत्तेजक सापडलं. आपल्या अन्नात कोणीतरी भेसळ केली, असं त्यानं सांगितलं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं त्याला निर्दोष ठरवलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्ट २०१६ ला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादानं चार वर्षांची बंदी घातली. ७४ किलोत रिओला भारताचा कोणीच उतरला नाही. चाचणी झाली असती तर काय झालं असतं, यावर आजही दोन पक्ष आहेत आणि दोघेही घडून गेलेल्या गोष्टींचा आधार घेतात. माझ्या मते त्या घटनांतून चाचणीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चाचणी ६ जूनच्या माहितीवर मागितली आणि नाकारली गेली होती.

खानदेशाची आपली जोड

नरसिंगचं नाव निघालं की आमच्याकडे दुसरं नाव आपोआप येतं. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. २०१४, २०१५, २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. नरसिंगचं त्रिक जिथे संपतं तिथे विजयचं सुरू होतं. पुढे दोघेही पोलीस उपअधीक्षक. दोघे ऐन भरात गदेसाठी भिडले असते तर काय झालं असतं, यावर जळगावपासून नंदुरबारपर्यंत मतं ठाम आहेत आणि ती बहुतेक एकाच बाजूची आहेत. आढावा घेणाऱ्यानं एवढीच नोंद करावी की मोहोळ-शेळके प्रश्नावर तटस्थ बसणारा खानदेशी माणूस इथे तटस्थ राहत नाही. दुसऱ्यांच्या पैलवानांबद्दल आपण मातीची आणि गादीची चर्चा करतो, आपल्याबद्दल फक्त नाव घेतो. मीही.

गंमत म्हणजे या जोडीचा वाद कधीच कडू होत नाही. दोघांच्याही तीन गदा एकाच संघटनेच्या, एकाच मोजणीतल्या, कोणाच्या गदेवर प्रश्नचिन्ह नाही. न लागलेली कुस्ती तेव्हा निव्वळ करमणूक असते.

काय सुटलेलं नाही

सगळ्या पक्षांचं ऐकून झाल्यावर उरतात ते प्रश्न पैलवानांच्या अंगबळाबद्दलचे कमी आणि बाकीचे जास्त आहेत. शिवराज राक्षेकडे दोन गदा आहेत, एक कोथरूडची संघाकडून, एक धाराशिवची परिषदेकडून. फुलगावला सिकंदरकडून हरल्यावर दहा दिवसांत त्यानं धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवलं होतं. त्याला डबल महाराष्ट्र केसरी म्हणायचं का? संघाच्या मोजणीत त्याची गदा एक, परिषदेच्या मोजणीतही एक, आणि लोकांच्या मोजणीत दोन. गंमत अशी की ती जोडणी खुद्द पैलवानानं केली, दोन्ही आखाड्यांत उतरून. दोन्हीकडे खेळणाऱ्या पैलवानांना कोणी अडवलं नाही तर न लागलेली कुस्ती पुढेमागे लागून जाईल, असा एक आशावादी विचार आहे. कोणी अडवलं, तर नाही.

दुसरं, अशी कुस्ती लावलीच तर पणाला काय लावायचं? इनाम आणि गाडी देणारे पुष्कळ मिळतील. पण हरलेल्याची गदा काढून घेणार का? कोणतीही संघटना आपल्या विजेत्याची गदा दुसरीच्या आखाड्यात पणाला लावायला तयार होईल, असं दिसत नाही. गदा पणाला नसेल तर ती यात्रेतली शेवटची कुस्ती होईल. ती मोठी असेल, पण निकालाचं वजन तेवढंच राहील. याच्या उलट मतही आहे. सत्तरच्या दशकात बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला पाडलं तेव्हा पणाला कोणता अधिकृत किताब होता, हे आज कोणी विचारत नाही. कुस्ती मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

तिसरा प्रश्न वरच्या दोघांचा नाही, खालच्या शेकडोंचा आहे, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तोच जास्त बोचतो. दोन राज्य संघटना म्हटल्या की जिल्हा पातळीवर निवड चाचण्याही दोन. अक्कलकुवा किंवा धडगावच्या मुलाला दोन्हीकडे जायचं तर दोनदा भाडं, दोनदा वजन उतरवणं, खुराकाचा खर्च दुप्पट. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि आमच्या जिल्ह्याची कागदं नाशिक विभागात जातात. तिथे प्रमाणपत्रावर कोणत्या संघटनेचा शिक्का आहे, हे पाहिलं जातं. ज्या वर्षी दोघींचा दावा न्यायालयात किंवा मंत्रालयात अडकलेला असेल त्या वर्षी पदक मिळवणाऱ्या मुलानं कोणत्या चाचणीला जायचं, याचं उत्तर अजून कोणाकडे लेखी नाही.